बारा नंबरची डबल बेल

रविवार, ३० मार्च २०१४

हंगाम उघडला. पाच महिने शेडमध्ये पडून असलेली बारा नंबरची ट्राम आज अकराला बाहेर काढली, दांडा तारेला लावला, आणि पहिल्याच खटक्याला ती अशी निघाली की जणू काल संध्याकाळीच ठेवली होती. जीव भांड्यात पडला. दर मार्चला वाटतं, यंदा नाही हलणार.

अकरा प्रवासी आणि एक कुत्रा. वारा इतका की वरच्या उघड्या मजल्यावर कुत्राच तेवढा बसला.

ही वही कोरी पडली होती, म्हणून यंदा लिहायचं ठरवलं. शंभरावं वर्ष आहे गाडीचं. आमच्या थॉर्नसी गावच्या ट्राम १९५१ साली मोडीत गेल्या आणि बारा नंबरचं एका शेतकऱ्यानं कोंबड्यांचं खुराडं केलं. मला ती सापडली १९७९ मध्ये. चौदा वर्षं लागली तिला परत ट्राम करायला. माझे बाबा हीच गाडी चालवायचे. आता समुद्रकाठच्या सव्वा मैल रुळांवर आम्ही पंधरा-वीस हौशी म्हातारे ती फिरवतो, बिनपगारी, आणि पगार असता तर इतकं काम केलं नसतं. २५ ऑगस्टला शताब्दीची फेरी. ती मी चालवायची असं समितीत कधीच ठरलंय.

घासात खडा एकच. समितीनं नवा नियम काढलाय: सत्तरीच्या पुढच्या ड्रायव्हरनं जूनअखेर डॉक्टरची तपासणी पास व्हायची, नाहीतर किल्ली जमा. मी बहात्तरचा. गेल्या शरदात वरच्या मजल्याच्या जिन्यावर मला दोनदा धाप लागली. कुणाला बोललो नाही. डॉक्टरनं छातीला नळी लावली की खेळ खलास. मग मला चहाच्या खिडकीत बसवतील, आणि बारा नंबर समोरून जाताना मी लोकांना साखर किती विचारीन.

बाकी बरं. गाडीची बेल हिवाळ्यात दबलीय, बघायला हवी. समुद्रपक्षी यंदा गप्प आहेत. नगरपालिकेनं काहीतरी बंदोबस्त केला असावा. चांगलं केलं.

रविवार, ६ एप्रिल

बेल उतरवून वर्कशॉपच्या टेबलावर घेतली. स्प्रिंग बदलली, वाटी घासली, कानाजवळ धरून वाजवली तर ठणठणीत. रॉडनीनं लगेच दोन्ही कानांवर हात ठेवले. रॉडनी आमचा वाहतूकप्रमुख, आधी शाळेत भूगोल शिकवायचा, नाटकं करायची सवय गेली नाही. परत गाडीत बसवली तर पुन्हा मुकी. खाली ठणठणीत, वर मुकी. लाकूड ओलं झालं असेल.

रॉडनी मिशीत पुटपुटला. मी म्हटलं, "मोठ्यानं बोल."

तो म्हणाला, "म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं, अशी गत नको व्हायला."

म्हणजे काय ते त्यालाच ठाऊक. पस्तीस वर्षांत मी या गाडीचा एक खिळा वाकडा ठेवलेला नाही.

तसं माझं बेलवाचून अडत नाही. बाबा म्हणायचे, "खऱ्या ड्रायव्हरला डबल बेल कानात नाही, तळपायात कळते." लहानपणी मला वाटायचं, बढाया मारतात. पण दोन-तीन वर्षांपासून मलाही तसं होतंय. मागे माझी कंडक्टर नोरीन हिनं निघायची डबल बेल दिली की माझ्या तळव्यांना दोन ठोके लागतात, धप धप, आणि हात आपोआप हँडलवर जातो. सत्तरीत का होईना, बाबांची विद्या माझ्यात उतरली. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितोय.

शनिवार, १२ एप्रिल

नोरीन लंगडतेय. उजवा गुडघा. एकोणीस वर्षं ती माझी कंडक्टर आहे, त्याआधी पोस्टात होती. सरळ बाई. बोलायचं तर समोर येऊन, तोंडाकडे बघून बोलते, हल्लीच्या लोकांसारखं पाठीमागून नाही. तिला म्हटलं, "गुडघा दाखव कुणाला तरी."

"दाखवला. डॉक्टर म्हणतो, वापर कमी करा."

"मग कर की कमी. दिवसभर उभं राहून काय करतेस? तिकिटं तर बसूनही फाडता येतात."

तिनं तिकिटांची बॅग खांद्यावर नीट सरकवली. मग म्हणाली, "अरे बाबा, सगळीच कामं बसून होत नाहीत."

आल्याचा केक आणला होता तिनं. दोन तुकडे खाल्ले.

रविवार, २० एप्रिल. ईस्टर

नोरीन सुट्टीवर, गुडघा सुजला म्हणून. तिच्या जागी रॉडनी स्वतः कंडक्टर. गर्दी तुफान आणि दिवस सगळा वैतागाचा. प्रत्येक थांब्यावर मी उभाच. बेलच येईना. शेवटी रॉडनी सबंध गाडी चालत पुढे आला, लालबुंद होऊन.

"विल्फ, तीनदा दिली मी डबल बेल."

"तुझ्या हाताला बेल नाही रे. बेल ओढणं म्हणजे फळ्यावर खडू ओढणं नव्हे. नोरीनची बघ, माझ्या पायांना कळते."

"पायांना?"

"पायांना. तळव्यांना."

त्यानं माझ्या बुटांकडे बघितलं आणि मागे गेला. शाळामास्तर गप्प बसला की बरं वाटतं. नंतरच्या फेऱ्यांना तो दर थांब्यावर पुढे येऊन खांद्यावर हात ठेवून सांगायचा. पोरकटपणा, पण काम झालं.

संध्याकाळी लीड्सहून जूडिथचा फोन. माझी बायको कॉनी गेल्यापासून ती आठवणीनं करते. माझी मुलगी गोड आहे, पण लग्न झाल्यापासून तोंडातल्या तोंडात बोलते. जावयाचा गुण लागला.

शुक्रवार, ९ मे

नोरीन परत आली. पहिल्याच थांब्यावर तळव्यांना धप धप, आणि गाडी निघाली. काय बरं वाटलं. तिला तसं सांगितलंही, "तुझ्यासारखी बेल या पंचक्रोशीत कुणाची नाही." ती खाली वाकून गुडघा चोळत होती. म्हणाली, "कौतुक पुरे. चहा पाज."

डॉक्टरची तारीख घेतली, १२ जून. त्या विचारानंच छाती धडधडते, आणि धडधडते म्हणून आणखी भीती वाटते.

सोमवार, २६ मे. सार्वजनिक सुट्टी

आजचं आजच लिहून टाकतो.

दुपारी अडीच, बागेचा थांबा, गाडी खचाखच. स्काउटची पोरं वर-खाली नाचत होती. माझ्या तळव्यांना दोन ठोके लागले. नेहमीचे. धप धप. मी हातब्रेक सोडला आणि गाडी काढली. चार-सहा हात गेलो असेन, तर समोर फुटपाथवर एक गृहस्थ दोन्ही हात वर करून उड्या मारतोय. मी करकचून ब्रेक लावला.

मागे एक बाई पायरीवर एक पाऊल ठेवून चढत होती. खांब तिनं घट्ट धरला होता म्हणून वाचली. दोन ढांगा लंगडीसारखी फरपटत गेली, बूट निघाला, तो चाकापासून वीतभर अंतरावर सापडला. खरचटलंसुद्धा नाही. उलट तीच मला म्हणाली, "तुम्ही बसा जरा, पांढरे पडलात." नशीब बलवत्तर, तिचं आणि माझं.

रॉडनी सायकलवरून आला. मी म्हटलं, "मला डबल बेल मिळाली. शपथेवर सांगतो."

नोरीननं माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. म्हणाली, "मी दिली. बाई चढल्या असं वाटलं. चूक माझी."

नियम सरळ आहे. पायरीवर माणूस असताना बेल देणाऱ्या कंडक्टरची तिकिटांची बॅग काढून घ्यायची, म्हणजे काम बंद. रॉडनीनं तिथल्या तिथे काढून घेतली. अपघातवहीत तिनं स्वतःच्या अक्षरात चूक लिहिली आणि सही केली.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला हायसं वाटलं. चूक माझी नव्हती, किल्ली माझी वाचली, ऑगस्ट वाचला. तिला थोडं रागवलोही. हे आता लिहिताना हात लाजतोय.

गुरुवार, २९ मे

चहा गोड लागत नाही. एकोणीस वर्षांत नोरीननं कधी अर्धी बेलसुद्धा आधी दिली नाही. म्हातारी माणसं चढताना ती स्वतः खाली उतरते. ती कशी चुकेल?

आज भाजी चिरताना डोक्यात प्रकाश पडला. बेल. बेलमध्येच दोष आहे. मार्चपासून सांगतोय. दोरी कुठेतरी अडकत असणार, पोरं नाचल्यावर सुटली असणार आणि बेल आपोआप वाजली असणार. हे सिद्ध केलं की नोरीन सुटली. सुरी ठेवली आणि तडक रॉडनीला फोन केला. शनिवारी दहाला, शेडमध्ये, नोरीनलाही बोलाव म्हटलं. पलीकडे तो काहीतरी पुटपुटला. मग "बरं" म्हणाला, तेवढं स्पष्ट ऐकू आलं.

शनिवार, ३१ मे

जसं झालं तसं लिहितो.

शेडमध्ये आम्ही तिघंच. मी पुढे ड्रायव्हरच्या जागी, दार लावलेलं, तोंड पुढे, अगदी फेरीत असतो तसा. नोरीनला म्हटलं, "तू माझ्याजवळ उभी राहा, साक्षीला. रॉडनी मागून बेल देईल. कधी नीट वाजते, कधी अडते, ते मी मोजतो."

रॉडनी मागे गेला. मी थांबलो. तळवे फळीवर घट्ट ठेवून थांबलो. काही नाही.

मी ओरडलो, "दे की बेल, रॉडनी. इथे काय मुहूर्त बघायचाय?"

काही नाही. मला मनातून आनंद झाला, बेल खरंच बिघडली म्हणून. नोरीनकडे वळून म्हणणार होतो, बघ, सुटलीस. तर तिनं माझ्या बाहीवर हात ठेवला होता.

"विल्फ," ती म्हणाली, "सहा वेळा दिली त्यानं."

"वाजली नाही."

"सगळ्या वाजल्या."

मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. थट्टेची बाई नाही ती. तरी म्हटलं, "आणि तुझी? तुझी तर मला रोज कळते. पायांना कळते."

नोरीननं एका हातानं ब्रेकचं चाक धरलं, उजवा पाय उचलला, आणि फळीवर दोनदा आपटला. धप धप. चेहरा वेदनेनं वाकडा झाला तिचा.

"हे?"

ते नेहमीचेच ठोके होते.

मी खाली पायरीवर बसलो. रॉडनी येऊन दारात उभा राहिला. मी विचारलं, "कधीपासून?"

"अडीच वर्षं. एकदा तीनदा बेल देऊनही तू हलेनास. मी वैतागून पाय आपटला, आणि तू निघालास. मग रोजच आपटायला लागले."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? किल्ली रॉडनीच्या टेबलावर आणि तू घरी. ओळखत नाही का मी तुला. घरी काय आहे तुझ्या? कॉनीचा फोटो आणि टीव्ही." मग म्हणाली, "आणि मी तरी कुणाबरोबर फिरले असते रे? या मास्तराबरोबर?"

रॉडनी म्हणाला, "ईस्टरला मला कळलं होतं. मी बोलायला हवं होतं. तपासणीत निघेलच म्हणून थांबलो. सोमवारचं ओझं माझ्यावरही आहे."

मग नोरीननं खरं सांगितलं: सोमवारी बेल झालीच नव्हती. जिन्यावरून दोन पोरांनी उड्या मारल्या होत्या. नोरीन त्या बाईंना हात देत होती.

अपघातवही मागवली. नोरीनच्या सहीखाली लिहिलं: "वरील मजकूर खोटा आहे. बेल दिली गेली नव्हती. ड्रायव्हरला ऐकू येत नाही. चूक ड्रायव्हरची. विल्फ्रेड गारबट." मग खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. एवढीशी पितळी किल्ली, गाडी पुढे जायची की मागे ते ठरवणारी. ती खिशात नसली की ड्रायव्हर म्हणजे नुसता टोपी घातलेला गृहस्थ. रॉडनीनं नोरीनची बॅग तिला परत दिली.

बाबांची विद्या वगैरे काही नव्हतं. एका बाईचा गुडघा होता. घरी आलो आणि रडलो, पण विचित्र म्हणजे, रडून झाल्यावर हलकं वाटलं. दोन महिने बेल दुरुस्त करून करून मी थकलो होतो.

गुरुवार, १२ जून

डॉक्टरीणबाई अगदी तरुण. आधी छाती. मी डोळे मिटून घेतले. ती म्हणाली, "हृदय छान आहे तुमचं. जिन्यावर धाप लागते कारण तुम्ही बेकन घातलेले पाव फार खाता." सुंठीवाचून खोकला गेला. वर्षभर मी ज्याला घाबरलो ते नव्हतंच, आणि जे होतं त्याला मी बेल म्हणत होतो.

मग कान. बारीक, उंच आवाज जवळजवळ सगळे गेलेत. विचारलं, "कधी लक्षात आलं?" मी म्हटलं, "पक्षी गप्प झाले तेव्हा यायला हवं होतं." तिला ते समजलं नाही. दोन यंत्रं मिळतील, पाच आठवडे थांबा. ती लावून आमच्या समितीची चाचणी पास झालो तर तिची हरकत नाही, तसं कागदावर लिहून दिलं. रॉडनीनं तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "चाचणी मी घेणार, विल्फ. आणि सूट देणार नाही." मी म्हटलं, "दिलीस तर वहीत लिहीन."

तोपर्यंत चहाच्या खिडकीत. साखर किती विचारतो. लोकांची उत्तरं ओठांवर वाचतो. जमतं मला ते. इतकी वर्षं तेच करत होतो म्हणा.

गुरुवार, १७ जुलै

यंत्रं बसवली. बाहेर पडलो आणि पहिल्यांदा पक्षी. नगरपालिकेनं काडीचा बंदोबस्त केलेला नाही. काय तो कलकलाट. माझा जिना करकरतो. फ्रिज गुणगुणतो. माझे बूट चुईचुई वाजतात आणि इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही.

जूडिथचा फोन आला. मी म्हटलं, "आज छान बोलतेयस." ती म्हणाली, "बाबा, मी नेहमीसारखीच बोलतेय." बिचाऱ्या जावयाला मी सहा वर्षं दोष दिला.

शनिवार, २ ऑगस्ट

चाचणी. आठ फेऱ्या. रॉडनी मागे बेलवर, समितीचा एक माणूस माझ्या शेजारी, आणि रॉडनीनं मुद्दाम लबाड्या केल्या: कधी एकच बेल, कधी बेलच नाही, एकदा डबल बेल देऊन लगेच चार, म्हणजे थांब जागच्या जागी. त्यानं दोन माणसं आत पाय आपटायलाही ठेवली होती. धप धप झालं. हात हँडलकडे गेला. माझा हात, सवयीचा. पण बेल नव्हती, आणि मी थांबलो. गाडी तसूभर हलली नाही.

शेवटी रॉडनीनं माझ्या हातावर किल्ली ठेवली. म्हणाला, "पास. आणि माझ्या बेलबद्दल काय म्हणाला होतास ईस्टरला?"

"खडूपेक्षा बरी आहे," मी म्हटलं.

नोरीन बाहेर बाकावर बसली होती. मी किल्ली दाखवली. तिनं मान हलवली आणि नाक शिंकरलं, ते मला पंधरा हातांवरून ऐकू आलं. गुडघ्याचं ऑपरेशन ९ सप्टेंबरला आहे. तोपर्यंत ती बसून तिकिटं फाडेल, असं माझ्यासमोर कबूल केलंय. किती पाळते बघू.

सोमवार, २५ ऑगस्ट

पाऊस. सकाळपासून धो धो, आणि तरी वरच्या उघड्या मजल्यावर छत्र्या लावून बावीस माणसं बसली. शंभर वर्षांच्या गाडीला पावसाचं काय कौतुक. जूडिथ आणि जावई आले होते. तो माणूस चांगला खणखणीत बोलतो.

सगळे चढले. मी किल्ली लावली, हातब्रेकवर हात ठेवला, आणि वाट बघितली. मागे नोरीन. नजर तिच्याकडे जात नव्हती, पण मला सगळं ऐकू येत होतं. छत्र्यांवरचा पाऊस, आतल्या लोकांची कुजबूज, तिनं कुणालातरी सांगितलेलं "आत सरका जरा". मग टिंग टिंग. अगदी स्वच्छ. मुकी म्हणून मी जिला शिव्या दिल्या ती हीच बेल.

आणि त्यानंतर काही नाही. तळव्यांना काहीच लागलं नाही. माझ्या पायांना ते फार चुकल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो.

मी लगेच निघालो नाही. मागे ती विचार करत असणार, ऐकलं की नाही या म्हाताऱ्यानं. पाय उचलावा का. एव्हाना तिनं उचललाही असेल. म्हणून मीच माझा पाय उचलला, चांगला धडधाकट पाय, आणि फळीवर जोरात दोनदा आपटला. धप धप. जुनी लाकडी गाडी आहे, एका टोकाचं दुसऱ्या टोकाला कळतं.

मागून नोरीन हसली. ते मला सबंध गाडीतून, पावसातून ऐकू आलं. मग मी ब्रेक सोडला आणि आम्ही निघालो.